लाल पापडाचा तपास

जवरीलाल शेठनी एकदा पुण्याहून महागाचा हिंग आणला आणि त्याचं कौतुक सांगून घरातल्या सगळ्यांचे कान किटवले. पानबाईंनी, म्हणजे शेठच्या मंडळींनी, वाद घातला नाही. त्यांनी पापडाच्या पिठाचे दोन भाग केले, एकात जुना हिंग घातला, दुसऱ्यात नवा, आणि नव्या हिंगाच्या पापडांना कडेला लवंगेनं एकेक भोक पाडून ठेवलं. जेवताना दोन्ही पापड शेठच्या ताटात. भोकाचं अवाक्षर काढलं नाही. शेठनी बिनभोकाचा पापड मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि हिंग म्हणावा तर असा, अशी दाद दिली. बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, नंतर आणखी एकदा केलं, दर वेळी दाद जुन्याच हिंगाला मिळाली, आणि मग उरलेला हिंग डबीसकट परत पाठवून दिला. नवीनच लग्न होऊन आलेली सून खुशबू हे सगळं पदराआडून बघत होती. तिला हसू आवरेना. सासूचा चेहरा मात्र गंभीर होता. नवऱ्याची फजिती करण्यात बाईंना रस नव्हता, त्यांना खरोखरच हिंग बघायचा होता.

ही गोष्ट नारायणगावच्या पेठेतली, नव्वदच्या दशकातली. शेठचं खाली किराणा दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या लांबट खोलीत पानबाईंचा पापडाचा उद्योग. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथं गेलेल्या. बाई नवऱ्याशी मारवाडीत बोलत आणि पापड लाटायला येणाऱ्या बायकांशी त्यांच्याच भाषेत. त्यांना सगळी पेठ बाईच म्हणायची, घरातली माणसंसुद्धा. शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नाही, आवाज असा की मागच्या खोलीतून हाक मारली तर दुकानातलं गिऱ्हाईक ओ द्यायचं. हट्टीपणात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण खुशबूला हळूहळू एक गोष्ट लक्षात आली आणि ती तिला मनापासून आवडली. हट्टी माणसं सहसा आपलं खरं करायला बघतात. बाईंचा हट्ट उलटा होता. खरं काय ते कळेपर्यंत त्या दुसऱ्याला सोडत नसत आणि स्वतःलाही सोडत नसत.

अमावास्येला लाटलेला पापड फुलत नाही, असं सगळी पेठ म्हणायची. बाईंनी अमावास्येला लाटला, पौर्णिमेला लाटला, शेजारी शेजारी भाजला. दोन्ही फुलले. तेव्हापासून त्यांच्याकडे अमावास्येला कामाला सुट्टी नसायची आणि बायका त्यावरून कुरकुर करायच्या.

एक नियम मात्र बाईंनी कधी तपासला नव्हता, तपासावा असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. एखाद्या बाईला अडचण, म्हणजे पाळी, असली की तिनं चार दिवस पापडाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ती शिवली तर पापड लाल पडतो, हे त्यांच्या आजीनं सांगितलेलं, आईनं सांगितलेलं, आणि लाटायला येणाऱ्या बायकांच्या घरीही तेच चालत आलेलं. हिंदू काय, जैन काय, या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. बायका आपणहून सांगून घरी बसत. खुशबूही घरातल्या घरात बाजूला बसे.

त्या हिवाळ्यात दोन नव्या गोष्टी घडल्या. पेठेच्या मागं जैनांचं छोटं स्थानक, म्हणजे साधू-साध्वींच्या उतरण्याची जागा, बांधून झालं. त्यामुळं मंचरकडून आळेफाट्याकडे पायी जाणाऱ्या महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, आता नारायणगावात मुक्काम करू लागल्या. बाईंना कोण आनंद झाला. महासतीजींना कच्चं पाणी चालत नाही. त्यांच्यासाठी बाई पहाटेच उठून बंबातल्या राखेनं पितळी भांडी घासत, त्यांचं धुवण निवळून, फडक्यानं गाळून ठेवत. याला धोवन पाणी म्हणतात, आणि अशा पाण्यात जीव उरत नाही असं जैन मानतात. दुसरी गोष्ट म्हणजे येडगावची साळुबाई कामाला लागली.

साळुबाई तिशीची. धरणाच्या कडेला त्यांचा कांदा-ऊस होता, पण सासू-जावांच्या घरात स्वतःच्या हक्काचं काहीतरी हवं म्हणून ती रोज जीपमध्ये कोंबून घेऊन नारायणगावला यायची. दंडात जोर असा की लोखंडी मुसळानं पापडाचं पीठ कुटायला बसली की बाकीच्या लाटणं थांबवून बघत. पापडाच्या पिठाला कुटणं लागतंच, जितकं कुटावं तितका पापड हलका. बाईंनी पहिल्याच आठवड्यात कुटायचं काम तिच्याकडे सोपवलं. आधी ते काम ठकूबाईचं होतं. ठकूबाई वारूळवाडीची, बाईंकडे सगळ्यांत जुनी, गुडघ्यांनी कुरकुरणारी आणि तोंडानं फटकळ. तिला काम हलकं झालं म्हणून बरं वाटलं आणि मान गेला म्हणून वाईटही वाटलं.

आणि मग पापड लाल पडायला लागले. रोज नाही. चार दिवस पांढरेशुभ्र, मग एक घाणा असा निघायचा की वाळल्यावर तांबूस आणि भाजल्यावर विटेसारखा. चवीलाही किंचित कडवट, साबणासारखा. गिऱ्हाइकं पुडे परत आणू लागली. शेठ दुकानात बसून सारवासारव करत राहिले.

बायकांत कुजबुज सुरू झाली आणि ती कुठं जाणार हे सांगायला नको. एका दुपारी, ताजे तांबूस पापड सुपात पसरलेले असताना, ठकूबाईनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की साळू अडचण लपवून कामाला येते. साळुबाई मुसळ खाली ठेवून उभी राहिली. ती रडली नाही. तिनं पोरांची शपथ घेऊन सांगितलं की मला काही नव्हतं आणि मी काही लपवलेलं नाही. पण अशा गोष्टीत शपथेला कोण विचारतं? खुशबूला त्या क्षणी साळुबाईपुढं काय उभं राहिलं ते नेमकं कळलं. काम जाण्याची गोष्ट वेगळी होती. उद्या हे येडगावात पोचलं की उन्हाळ्यात पापड-कुरडयांच्या वाळवणाला हिला एकही आळी बोलावणार नव्हती, आणि ज्या बाईला वाळवणाला बोलावत नाहीत तिच्याविषयी मग काहीही बोलता येतं.

सगळ्या बाईंकडे बघत होत्या. ठकूबाईला खात्री होती की बाई साळूला आत्ताच्या आत्ता घरी पाठवणार.

“मला बी तसंच वाटतंय, ठकू,” बाई म्हणाल्या. “वाटतंय म्हनून तर बघायला पायजे.”

दुसऱ्या दिवशी एकाच परातीत पीठ भिजलं आणि त्याचे दोन गोळे झाले. एक साळुबाईनं कुटला, एक ठकूबाईनं गुडघे धरत कुटला. साळूच्या पापडांना लवंगेचं भोक. बायकांचं एकमत होईना म्हणून निवाड्याला पुन्हा शेठ, कारण त्यांना कुठल्या पापडामागं काय आहे हे माहीत नव्हतं आणि हिंगाच्या प्रकरणानंतर विचारायची छातीही नव्हती. शेठनी सगळे पापड उजेडात धरून बघितले आणि सांगितलं की सगळे एकसारखे पांढरे आहेत.

साळुबाईचा चेहरा उजळला. पण ठकूबाई काही हार जाणारी नव्हती. ती म्हणाली की आज पांढरे आले, कारण आज तिला काही नाही.

मग बाईंनी विचारलेला प्रश्न खुशबू पुढं आयुष्यभर विसरली नाही.

“लाल झाला तर तिला अडचन व्हती, पांढरा झाला तर नव्हती. मग ठकू, तुजं चुकलं आसं कवा कळायचं गं?”

खुद्द बाईंनाही या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटत नव्हतं, कारण ते काय आहे हे त्यांना दिसत होतं. खरंच अडचण असलेल्या बाईनं पिठाला हात लावायला हवा होता. त्यांनी साळुबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं. साळुबाईनं हात जोडले. समजा दुसऱ्याच कशानं घाणा लाल निघाला तर मी कुठलं तोंड घेऊन जगू, असं म्हणाली आणि त्या दिवशी जी गेली ती परत कामाला आली नाही. तिचं म्हणणं खरंच होतं. ज्याचं सगळं पणाला लागलंय त्यानंच फासा टाकावा, हे कुठलं न्यायाचं?

मग खुशबू बोलली. तिची तारीख जवळ आली होती. सासूच्या देखत हे सांगताना तिची जीभ अडखळली, पण तिनं सांगितलं की मी भिजवते.

बाई त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला बसल्या आणि दोन घासांत उठल्या. खुशबूला वाटलं, आपण मर्यादा सोडली. सासू आता महिनाभर बोलणार नाही. बाईंनी कोपऱ्यात बसून सामायिक केलं, म्हणजे दोन घटका ध्यान केलं, माळ ओढली, आणि उठल्यावर येऊन इतकंच सांगितलं की तो पापड दुकानात जाणार नाही, महासतीजींच्या पात्रात जाणार नाही, आपण घरचे खाऊ. पाप असलं तर आपल्या घराला लागू दे. खुशबूला तेव्हा सासूबद्दल इतकं भरून आलं की तिनं वाकून नमस्कार केला. ज्याला काही खरं मानायचं नसतं त्यानं तपासणं सोपं असतं. बाई सगळं मानत होत्या आणि तरी तपासत होत्या.

आपल्या अडचणीच्या दुसऱ्या दिवशी खुशबूनं, आयुष्यात पहिल्यांदा, त्या अवस्थेत पापडाच्या परातीत हात घातला. अर्धं पीठ तिनं मळलं, अर्धं ठकूबाईनं. शेठनी बघितलं. सगळे पांढरे. बाईंना एवढ्यानं समाधान नव्हतं. एक सर आली म्हणजे पावसाळा नाही, असं म्हणून त्यांनी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करायला लावलं, आणि या वेळी लाटणाऱ्यांतली एक तरुण पोरगीही आपणहून पुढं झाली. पुन्हा पांढरे. ठकूबाई दर वेळी पापड उलटासुलटा करून बघायची आणि परत ठेवायची.

मग एक दिवस घाणा विटेसारखा लाल निघाला. साळुबाई येडगावात होती. खोलीत अडचणीची बाई एकही नव्हती. आणि हे सांगितलं कुणी, तर ठकूबाईनं. ती सूप घेऊन बाईंसमोर आली आणि म्हणाली, “बाई, आज तर साळू न्हाई. मी उगंच बोलले तिला.” फटकळ माणसाचं एक बरं असतं, ते उलटं झालं तरी तेवढ्याच मोठ्यानं सांगतात.

साळूचा हात नाही, अडचण नाही. मग काय? बाईंनी एकेक वस्तू धरली. उडदाचं पोतं बदललं, बाकी सगळं तसंच ठेवलं. पापडखार दुसऱ्या दुकानातून आणला, बाकी तसंच. तेल बदललं, मुसळ घासलं. खुशबूला घाई व्हायची. सगळंच एकदम बदलून टाकू, असं ती म्हणाली, तर बाईंनी विचारलं की मग बरं झालं तर कशानं झालं ते कसं ओळखणार? पण दोष पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. तो नसताना काय बदललं काय आणि न बदललं काय, काही कळत नव्हतं.

खुशबू त्या लाल दिवसाचं सगळं आठवत बसली. त्या दिवशी ती पहाटे उठली होती, हात राखेनं काळे झाले होते. कशासाठी? महासतीजी आल्या होत्या. त्याआधीच्या लाल दिवशीही आल्या होत्या. तिच्या अंगावर काटा आला. हे सासूला सांगायचं कसं? तरी तिनं धीर करून, नजर खाली ठेवून, सांगितलं. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. महासतीजींच्या पायगुणानं पापड लाल पडतो, असं म्हणायचंय का तुला, असं त्यांनी विचारलं. खुशबू नाही नाही म्हणत आत पळाली.

पुढच्या मुक्कामाला महासतीजी सकाळी पाणी घेऊन गेल्या. धोवन पाण्याचा हंडा अर्धा उरला होता. बाईंनी नेहमीप्रमाणं तो उचलला आणि पापडखार उकळायच्या पातेल्याकडे वळल्या. खाराचं पाणी त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत, त्यामुळं ते कुठल्या पाण्याचं होतं हे कुणी बघितलंच नव्हतं. आणि बाईंना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं. जीव नसलेलं शुद्ध पाणी घरात असताना पापडासाठी आणखी कच्चं पाणी उकळून त्यातले जीव का मारायचे? हे तर पुण्याचंच काम. पातेल्याशी पोचल्यावर मात्र त्यांचे हात थबकले. खुशबू दारात उभी होती.

“सगळ्यांला तपासलं,” बाई म्हणाल्या. “येक मी राह्यले.”

राखेत खार असतो असं शाळेत शिकलेय, म्हणजे या पाण्यानं पापडात खार जास्त होत असेल, असं खुशबूनं भीत भीत सांगितलं. बाई म्हणाल्या असेल, मारवाडात पूर्वी झुडपं जाळूनच खार काढायचे. असेल, पण करून बघू. दोन पातेली चुलीवर चढली. एकात धोवन, एकात साधं गाळलेलं पाणी, खार तोलून सारखा, पीठ एकाच पोत्यातलं. कुठल्या पातेल्याचा कुठला गोळा हे फक्त त्या दोघींना माहीत. पापड वाळले तेव्हा शेठना वर बोलवायची गरजच पडली नाही. एक सूप पांढरं होतं आणि एक लाल. तरी बाईंनी पुढच्या मुक्कामाला ते सगळं पुन्हा केलं. पुन्हा तसंच आलं.

खुशबूला वाटलं, आता बाई गुपचूप धोवन पाणी अंगणात ओतू लागतील आणि विषय संपेल. कुणी विचारणार नव्हतं. पेठेत मोठं नाव असलेल्या घराला, साठीला आलेल्या बाईला, कोण जाब विचारणार? तसं झालं असतं तर खुशबूनंही मनातल्या मनात माफ केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही रंगांचे भाजलेले पापड डब्यात घातले, ठकूबाईला बरोबर घेतलं, आणि आयुष्यात कधी जीपमध्ये न बसलेल्या बाई येडगावच्या जीपमध्ये शिरल्या. खुशबू सोबत होती. मधल्या सीटवर एका बाजूला टोमॅटोचे रिकामे क्रेट आणि दुसऱ्या बाजूला ठकूबाई, अशा बेतानं तिघी येडगावात उतरल्या.

होळी होऊन गेली होती. साळुबाईच्या आळीत वाळवण चाललं होतं. अंगणात खाटांवर धोतरं पसरलेली, बायका कुरडया घालत होत्या. साळुबाई आपल्या दारात गहू निवडत बसली होती, एकटी. अंगणापासून तिचं दार दहा पावलांवरसुद्धा नव्हतं.

बाई साळुबाईच्या दारात गेल्या नाहीत. त्या अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी साळूला हाक मारली. ती हाक धरणापर्यंत गेली असावी. साळुबाई उठून अंगणात आली, आळीतल्या आणखी बायका आल्या. बाईंनी डबा उघडून दोन पापड दोन हातांत धरले. ठकूबाईनं आधी आपलं सांगितलं, तोंड फिरवून का होईना पण स्पष्ट सांगितलं. मग बाईंनी काय काय तपासलं ते ओळीनं सांगितलं, धोवन पाण्यापर्यंत, काही न गाळता. लाल पापड सगळ्यांच्या हातून फिरला. एकीनं चव घेऊन थुंकला.

“हा लाल माज्या हातचा,” बाई म्हणाल्या. “साळूच्या हातचा ह्या दुसऱ्यावानी पांढरा. चार लोकांत बोल लागला व्हता, म्हनून चार लोकांत सांगाय आले.”

साळुबाईनं पांढरा पापड घेतला, बघितला, आणि पदराखाली धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिला अजून काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारावं की नाही हे ठरत नव्हतं.

“आन् बाई, त्या चार दिसांचं?”

“ते बी बघितलं. माज्या सुनेनं भिजवलं, दोनदा. तिच्यात काय न्हाई निगालं.”

साळुबाईनं एकदा जावांकडे बघितलं, एकदा ठकूबाईकडे. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मग उद्या कामाला येऊ का? आज माजा दुसरा दिवस हाये.”

खुशबू सासूच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथं आजी होती, आई होती, साठ वर्षांचं सोवळं होतं. आपल्या घरात, दार लावून, पापड घरीच खाऊन तपासणं निराळं आणि हे निराळं. बाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून काढून पुन्हा लावलं.

“ये,” त्या म्हणाल्या. “सकाळच्या जीपनंच ये, लई पीठ कुटायचं पडलंय.”